चोचीला काम दे

अगं, फोनवर तू रडवेली झालीस, "ताई, पोपटाची छाती पार उघडी पडली गं, येणारे-जाणारे विचारतात उपाशी ठेवता का म्हणून," तेव्हा मी फारसं काही बोलले नाही. दोन वाक्यांत सांगून संपणारी ही गोष्ट नाही, म्हणून सवडीने लिहितेय. पण सगळ्यात आधी एक ऐक. तो तुझ्यावर रुसलेला नाही. तू नोकरीला जातेस म्हणून सूड उगवतोय, हे सासूबाईंचं म्हणणंही डोक्यातून काढून टाक. पोपट हुशार असतात, पण दुसऱ्याला धडा शिकवायला स्वतःची पिसं उपटण्याइतके नाटकी नसतात. त्याला काहीतरी खुपतंय किंवा काहीतरी कमी पडतंय. ते काय, हे शोधायचं काम आपलं.

पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघ. छाती, पोट, पंखांखालचा भाग, मांड्या उघड्या आहेत आणि डोकं मात्र पिसांनी भरलेलं आहे ना? मग तोच आपली पिसं उपटतोय, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. डोक्यावरचीही पिसं जात असतील, किंवा नवी पिसं वेडीवाकडी, चिमटलेली उगवत असतील, तर आजाराची शंका घ्यायची. पोपटांमध्ये चोच आणि पिसं खराब करणारा एक विषाणूजन्य रोग असतो, त्याची तपासणी करता येते. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली पिसंही उचलून बघ. ऋतूप्रमाणे झडलेलं पीस अख्खं असतं आणि दोन्ही बाजूंची पिसं सारखी झडतात. कातडी उघडी पडत नाही. कुरतडलेल्या पिसाच्या कडा झिजलेल्या, देठ चावलेला, टोक फाटलेलं असतं. फोटो काढून ठेव, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतील.

आणि हो, डॉक्टर आधी, बाकी सगळं नंतर. यात चालढकल नको. यकृताचा विकार, हवेच्या पिशव्यांमधला बुरशीचा संसर्ग, पोटातले परजीवी, शरीरात गेलेलं जस्त, यांतल्या कशानेही पक्षी पिसं ओढायला लागतो. बऱ्याचदा जिथे आत दुखतं तिथलीच पिसं जातात. जस्त कुठून येणार, असं म्हणशील. गॅल्व्हनाइज्ड तारेचा पिंजरा, स्वस्तातली घुंगरं, कुलूप-किल्ल्या, तो दिवसभर हेच तर चावत असतो. दुकानदाराने पंख कापून दिले असतील तर तेही डॉक्टरांना सांग. वाईट कापलेल्या पिसांचे खुंट अंगाला टोचतात आणि उपटण्याची सुरुवात तिथूनही होते. फक्त जनावरांचे नाही, पक्ष्यांचे जाणकार डॉक्टर गाठ. रक्त, विष्ठा, गरज पडली तर एक्स-रे. "किडे झालेत, ही पावडर मारा" असं न बघताच कुणी सांगितलं तर तिथून उठ. पिंजऱ्यातल्या मोठ्या पोपटांची पिसं जाण्यामागे कीड असणं विरळाच.

समजा रिपोर्ट बरे आले. मग आपल्या हातातल्या दोन गोष्टी उरतात: त्याची वाटी आणि त्याचा दिवस. लोक या दोन वेगळ्या समजतात. मला विचारशील तर त्या एकच आहेत, आणि तेच सांगायला हे एवढं लांबलचक पत्र.

तुझा करडा आफ्रिकन पोपट मूळचा कुठला? काँगो, कॅमेरून, गॅबनच्या पावसाळी जंगलांतला. तिथे तो सकाळी थव्याने उडतो, खाण्यासाठी मैलोन् मैल जातो, तेलताडाची फळं काढतो, सालं सोलतो, कठीण कवचं फोडतो, एक चावा घेऊन उरलेलं टाकून देतो. जंगली पोपटांचे दिवसातले चार ते सहा तास अन्न शोधण्यात आणि खाण्यात जातात. तुझ्याकडे? सकाळी साडेसातला वाटी भरलीस, आठला पोट भरलं. मग संध्याकाळी सात वाजेपर्यंत तो काय करणार गं?

बाबा निवृत्त झाले तेव्हाचं आठवतंय ना? घरातला चांगला चालणारा नळ खोलून बसायचे, दुरुस्त घड्याळ पुन्हा दुरुस्त करायचे. हात रिकामे राहवत नव्हते. पोपटाची चोच म्हणजे ते हात. चोचीचं काम आपण काढून घेतलं की ती जवळ जे सापडेल ते सोलायला घेते, आणि सगळ्यात जवळ असतात ती त्याचीच पिसं.

हे नुसतं माझ्या मनातलं नाही. अमेरिकेत डेव्हिसला कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी नारिंगी पंखांच्या ॲमेझॉन पोपटांची सोळा पिल्लं दोन गटांत वाढवली. एका गटाला साधा पिंजरा. दुसऱ्याला चढायला-झुलायला वस्तू, आणि अन्न असं लपवलेलं की खटपट केल्याशिवाय मिळायचं नाही. ४८ आठवड्यांत साध्या पिंजऱ्यातल्यांची पिसं विस्कटली, दुसऱ्या गटाची चांगली राहिली. पुढची गंमत ऐक. साध्या पिंजऱ्यातल्यांनाही मग तीच खटपट दिली, आणि त्यांचीही पिसं सुधारली. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०२१ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नास जातींच्या १३७८ पाळीव पोपटांची माहिती तपासली. ज्या जातींचं जंगलातलं खाणं फोडायला-सोलायला जास्त मेहनत घेतं, त्याच जाती पिंजऱ्यात पिसं खराब करण्यात पुढे होत्या. म्हणजे वाटीत काय आहे याइतकंच, ते मिळवायला काय करावं लागतं, यालाही महत्त्व आहे.

आता वाटीत काय आहे ते बघू. तू म्हणालीस, "सूर्यफुलाच्या बिया आवडीने खातो." आवडणारच! सोललेल्या बीचं निम्म्याच्या आसपास वजन तेलाचं. त्यात अ जीवनसत्त्व नावालाही नाही, कॅल्शियम थोडं आणि त्याच्या कितीतरी पट फॉस्फरस. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कोरडी, खपल्यांची होते, नाकपुड्या बुजतात, शिंका येतात. खाजणाऱ्या अंगावर चोच फिरते, आणि फिरता फिरता ओढायला लागते. कॅल्शियमच्या बाबतीत तर करडे पोपट फार नाजूक. नुसत्या बियांवर वाढलेल्या करड्यांना कॅल्शियम उतरून झटके येतात, पक्षी दांडीवरून खाली कोसळतो. पीस हे जवळजवळ सगळंच प्रथिनांचं; निकस खाण्यातून चांगलं पीस उगवत नाही, आणि खरबरीत उगवलेलं पीस त्याला बोचतं.

आणि चहात बुडवलेलं बिस्कीट, फरसाण, फोडणीची डाळ, आजोबांच्या ताटातला पापड? बंद. मीठ, साखर, तेल त्याला नको. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी ही तर विषं. कांदा-लसूणही टाळ. शेंगदाण्याला न दिसणारी बुरशी असू शकते, म्हणून पोत्यातले, खवट वासाचे दाणे नकोतच.

मग द्यायचं काय? बहुतेक पक्षीवैद्य रोजच्या खाण्यातला निम्म्याहून जास्त भाग पेलेटचा, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांचा ठेवायला सांगतात. ते महाग पडतात, पण भेळेसारख्या मिश्रणातून आवडतं तेवढं वेचून बाकी फेकायची सोय त्यात राहत नाही. त्याच्या जोडीला आपल्या मंडईतलंच सगळं. गाजर, लाल भोपळा, वाफवलेलं रताळं, पपई, लाल ढोबळी मिरची. केशरी-लाल रंगाचं जे जे, ते अ जीवनसत्त्वासाठी. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर. पालक रोज नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. मोड आलेले मूग, मटकी. मोड ताजे असावेत, आंबूस वास आला की फेकून द्यायचे. पेरू दे, डाळिंब दे. हिरवी मिरची खुशाल दे, पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याला अडकव. मात्र माणसांच्या व्हिटॅमिनचे थेंब पाण्यात टाकू नकोस. ड जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडं खराब होतात. कमतरता आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील.

बदल एका रात्रीत करायचा नाही, हे मात्र गाठीला बांध. "भूक लागली की खाईल" हा न्याय पोपटाला लावू नकोस. अनोळखी खाण्यासमोर तो खरंच उपाशी राहील. बिया हळूहळू कमी, पेलेट हळूहळू जास्त, काही आठवडे लागू देत. तू स्वतः त्याच्यासमोर चवीने गाजर खा, बघ तो मान वाकडी करून कसा बघतो ते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घे आणि रोज सकाळी खाण्याआधी त्याचं वजन लिही. करडा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा असतो. दहावा भाग वजन उतरलं तर प्रयोग थांबव आणि डॉक्टरांना फोन कर.

इथे एक मेख आहे, आणि पुष्कळ जणी इथेच अडतात. बिया बंद केल्या, उत्तम पेलेट आणले, भाजी चिरून दिली, आणि तरी उपटणं थांबलं नाही. का? कारण बी निदान सोलावी लागत होती! पेलेट चावला की संपला. खाणं सुधारलं, पण चोचीचं उरलंसुरलं कामही गेलं. डेव्हिसच्याच मंडळींनी पुढे २०१० मध्ये पोपटांना नेहमीपेक्षा बरेच मोठे पेलेट देऊन पाहिले. ते पंज्यात धरून कुरतडावे लागले, आणि पोपटांचा खाण्यातला वेळ जंगलातल्या वेळेच्या जवळ गेला. अन्न तेच होतं, फक्त आकार बदलला होता.

म्हणून भाजी बारीक चिरू नकोस. गाजर अख्खं टांग. मक्याचं कणीस सालासकट दे, त्याला सोलू दे. थंडीत हरभऱ्याची जुडी येते ती धुऊन पिंजऱ्याला उलटी बांध. एकेक घाटा फोडून सोलाणा काढण्यात त्याची सकाळ जाईल. मटारच्या शेंगा न सोलता. ज्वारीचं हिरवं कणीस. सगळं नीट धुऊन, फवारणीचं काही राहायला नको. कवचासकट एखादा बदाम, तोही दिवसाचं बक्षीस म्हणून. पळसाच्या पानांचे द्रोण मिळतात ना, प्लॅस्टिकचा थर नसलेले? एका द्रोणात पेलेट ठेव, दुसरा वर उपडा घाल, काडीने टाच. आधी त्याच्यासमोर एक उघडून दाखव. कोऱ्या कागदाच्या पुरचुंड्या, छापील नसलेलं पुठ्ठ्याचं खोकं, स्वच्छ करवंटी. लांब दोरे आणि सुतळीच्या गुंड्या मात्र नकोत, पायाला फास बसतो, धागे पोटात अडकतात. तो सगळं चिंध्या करून खाली टाकेल, लादीवर कचरा होईल. होऊ दे. तो कचरा म्हणजे न उपटलेली पिसं समज. घाबरट पक्षी असेल तर नवी वस्तू आधी खोलीत लांब ठेव, मग रोज थोडी जवळ आण. करडे नव्याला बिचकतात.

आता पिंजरा कुठे आहे? दिवाणखान्याच्या मधोमध, टीव्हीसमोर, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. त्याला पाठीशी भिंत हवी, म्हणजे निदान एका बाजूची पहारेदारी सुटते. गोल पिंजरा असेल तर बदल; पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत, कोपऱ्यात टेकता आलं पाहिजे. एकसारख्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या जाड-बारीक फांद्या लाव. पायालाही आराम, सालही सोलायला मिळते. स्वयंपाकघरात पिंजरा कधीच नको. नॉनस्टिकचं भांडं जास्त तापलं तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सगळं दुसऱ्या खोलीत. भावोजींनी सिगारेट ओढली असेल तर हात धुतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. बोटांवरचा निकोटीनचा थर पिसांना, पायांना लागतो आणि चुणचुणतो.

आंघोळ घालतेस का? पावसाळी जंगलातला पक्षी तो, आणि तू त्याला एसीच्या कोरड्या हवेत ठेवलंस. आठवड्यातून निदान तीन-चार वेळा सकाळच्या वेळी साध्या पाण्याचा बारीक फवारा त्याच्या डोक्यावरून पावसासारखा पडू दे. थेट तोंडावर मारू नकोस. रात्र पडायच्या आत अंग सुकलं पाहिजे. साबण नाही, शाम्पू नाही. आणि आई सांगेल ते खोबरेल तेल-हळद तर अजिबात नाही! तेलाने पिसं चिकटतात, ऊब धरत नाहीत, आणि तेल काढायला तो आणखी चोच चालवतो.

ऊन हवंच. खिडकीच्या काचेतून येतं ते ऊन वेगळं. अंगात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते, आणि ड नाही तर खाल्लेलं कॅल्शियमही फुकट. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पिंजरा गॅलरीत ठेव, अर्धा सावलीत, आणि तू तिथेच बस. कावळे, घारी, मांजरं टपलेली असतात.

झोपेचं तर विचारूच नकोस. विषुववृत्ताजवळ वर्षभर बारा तासांची रात्र असते, आणि तुमच्याकडे अकरापर्यंत मालिका चालू. त्याला रोज दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. झोपायचा वेगळा लहान पिंजरा आतल्या खोलीत ठेव. गणपतीत ढोल-ताशा दारातून जाईल, दिवाळीत फटाके वाजतील, त्या दिवसांत खिडक्या बंद, पिंजऱ्यावर चादर, आणि ज्याच्या आवाजाची त्याला सवय आहे तो पंखा चालू ठेव. रात्री दचकून धडपडलेल्या पोपटांची पिसं मोडतात आणि मोडलेली पिसं तो चावत बसतो.

आता जरा नाजूक बोलू. तू त्याला मांडीवर घेऊन पाठीवरून, पंखांखालून हात फिरवतेस. तुझी माया, पण त्याला त्याचा अर्थ वेगळा लागतो. पाठ कुरवाळणं हे पोपटांमध्ये जोडीदाराचं काम. तो तुला जोडीदार समजतो, शरीर विणीच्या तयारीला लागतं, आणि तू दहा तास ऑफिसला निघून जातेस. त्या तगमगीत पिसं जातात. डोकं आणि मान, एवढंच खाजव. कपाटाखाली, उशांच्या मागे, अंधाऱ्या खोक्यात शिरू देऊ नकोस; तिथे त्याला घरटं दिसतं. मायेचा वेळ कमी करायचा नाही, फक्त वेगळा वापरायचा. बोल, शिकव, बोटावर ये-जा करायला लाव, एका खोलीत उडू दे, पण आधी पंखा बंद कर.

उपटताना दिसला की "अरे अरे, नको रे!" करत धावत जाऊ नकोस. त्याच्या दृष्टीने ती हाक झाली: पीस ओढलं की ताबडतोब तू हजर. चेहरा कोरा ठेव, काही क्षणांनी दुसरं काही निमित्त काढून लक्ष वळव. तो द्रोण फाडत असेल, कणीस सोलत असेल, तेव्हा मात्र भरभरून कौतुक कर. गळ्यातली कॉलर किंवा मनाची औषधं डॉक्टरांनी सांगितली तरच. कातडी फाडायला लागला, रक्त आलं, तर मात्र एक दिवसही थांबू नकोस. आणि "एकटा पडलाय, दुसरा आणू" असा घाईचा विचार करू नकोस. नवा पक्षी रोग आणू शकतो, आणि दोघांचं पटेल याची खात्री कुणी द्यायची?

कागदपत्रंही बघून घे, बाई. आपले हिरवे देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. करड्या आफ्रिकनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७पासून साइट्स कराराची सर्वांत कडक बंधनं आली, कारण पकडून पकडून जंगलं रिकामी झाली. २०२४च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. तुझी झाली नसेल तर या आठवड्यात उरक.

शेवटचं आणि थोडं कडू. वर्षानुवर्षं उपटलेल्या जागी पिसाचं मूळच मरू शकतं. मग तिथे पुन्हा पीस येत नाही. तुझ्याकडे हे आत्ता सुरू झालंय, म्हणून आशा पुष्कळ आहे, पण नवी पिसं यायला काही महिने जातील. मधूनच पुन्हा एखादी जागा उघडी पडेल, घराला रंग काढलात, पाहुणे राहायला आले, की हमखास. त्याने खचू नकोस, आणि काय बदललं होतं ते वहीत लिही. रोज आरशात बघावं तसं त्याच्या छातीकडे बघत बसलीस तर तुझा जीव टांगणीला लागेल आणि तोही अस्वस्थ होईल. महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढ, बस.

तेव्हा आधी डॉक्टरांची वेळ घे, येताना मंडईतून भोपळा आणि शेवगा आण, आणि रविवारी दोघं मिळून द्रोणांच्या पुड्या बांधून ठेवा आठवड्याच्या. यापुढे फोन केलास की पिसं आली का, असं मी विचारणार नाही. आज त्याने काय काय फोडलं, तेवढं सांग.